कापसाच्या जिनाशेजारचे नॅरो गेज स्टेशन : इमारतींच्या दृश्याची आखणी, १:८७ – प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

रूळ ठोकून झाले, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेण्याच्या जागा) व्यवस्थित पडतात आणि गाडी न अडखळता धावते; परंतु माझ्या मॉडेल रेल्वेच्या १२०० बाय ४५० मि.मी.च्या या फळीवर अजून एकही इमारत उभी नाही. आजपासून केवळ इमारतींच्या आखणीच्या नोंदी ठेवतो आहे, कारण मागच्या फळीवर मी हा टप्पा गाळला होता आणि तयार इमारती जागेवर ठेवून पाहिल्यावर चारपैकी दोन उचलून माळ्यावर टाकाव्या लागल्या होत्या.

दोन रुळांमधली रुंदी ९ मि.मी. आहे. १:८७ या प्रमाणात, म्हणजे मॉडेलवरचा १ मि.मी. हा प्रत्यक्षातले ८७ मि.मी. धरून, ती रुंदी ७८३ मि.मी. भरते, आणि आपल्या बडोद्याकडचे नॅरो गेज ७६२ मि.मी.चे, म्हणजे अडीच फुटांचे होते. एवढा फरक डोळ्यांना कळत नाही. डभोई जंक्शनच करावे असे सुरुवातीला मनात होते. खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा मार्ग पडला, त्यावर आरंभी बैल गाड्या ओढीत, आणि १८७३ च्या सुमारास इंजिनाचे वजन पेलतील असे रूळ नव्याने घालण्यात आले. असा इतिहास असलेले जंक्शन कोणाला करावेसे वाटणार नाही? पण फळीची लांबी प्रत्यक्षातल्या १०४ मीटरांएवढी आणि खोली जेमतेम ३९ मीटरांएवढी होते. तेवढ्या जागेत डभोईचे यार्ड तर सोडाच, त्याचा एक फलाटही पुरता मावणार नाही. म्हणून कानम या बडोदा-भरूचकडच्या कापसाच्या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीतले एक कल्पित लहान स्टेशन, त्याच्या पाठीमागे कापसाचे जिन (सरकी काढून गाठी बांधण्याचा कारखाना) आणि समोरच्या बाजूला गावातली काही घरे, असे ठरवले. काळ १९७० च्या दशकातला, झेडबी वर्गाची वाफेची इंजिने चालत होती तेव्हाचा.

मुख्य रूळ पुढच्या कडेपासून १३० मि.मी. आत आहे. डाव्या टोकाला तो २३० मि.मी. त्रिज्येने मागे वळतो आणि फळीमागच्या देखाव्याच्या पडद्यातील भोकातून बाहेर पडतो. उजवीकडच्या सांध्यापासून जिनाची साइडिंग, म्हणजे मालडबे उभे करण्याचा बाजूचा रूळ, निघते. स्टेशन मुख्य रूळ आणि साइडिंग यांच्या मध्ये येईल.

१६ जून

स्टेशनासाठी माझ्याकडे एकच आधार आहे, तो म्हणजे १९७४ सालचा घरातला एक फोटो. आजी दरवर्षी नर्मदास्नानासाठी चांदोदला आणि तिथून पुढे टेंब्ये स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला गरुडेश्वरला जात असे, आणि अशाच एका प्रवासात मधल्या स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली असताना वडिलांना स्टेशनासमोर उभे करून हा फोटो काढलेला आहे. त्यात कौलारू छप्पर, पुढची पडवी, तिचे चार लाकडी खांब आणि दोन दारे स्पष्ट दिसतात.

वडिलांची उंची पाच फूट सात इंच होती, म्हणून त्यांच्या उंचीवरून भिंतीची उंची काढली आणि त्याच मापाने लांबीही मोजली. उंची २.७ मीटर, लांबी १०.३ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये ३१ आणि ११८ मि.मी. या मापांनी संध्याकाळी पुठ्ठ्याची पुढची भिंत कापलीसुद्धा.

१८ जून

कापलेली भिंत चुकली आहे. दारांची रुंदी ८ मि.मी. आली होती, म्हणजे प्रत्यक्षात सत्तर सेंटीमीटर. अशा दारातून स्टेशनमास्तराला आडवे होऊनच आत जावे लागले असते. चुका दोन झाल्या. वडील भिंतीला टेकून नव्हे, तर तिच्या कितीतरी पुढे, कॅमेऱ्याजवळ उभे होते, त्यामुळे त्यांच्या मापाने भिंत बुटकी ठरली. शिवाय फोटो समोरून नव्हे, तर चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या कोनातून काढलेला आहे, त्यामुळे भिंतीची लांबी आणि दारांची रुंदी दोन्ही जवळजवळ पाऊणपट आक्रसली.

आता माप भिंतीतूनच काढले. बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचे त्याच धाटणीचे दार टेपने मोजले, तेव्हा ते ९६ सेंटीमीटर रुंद आणि २१० सेंटीमीटर उंच निघाले. ते दार फोटोतल्या दाराच्या जागी धरले आणि आडवी मापे केवळ आडव्या मापांवरून, उभी मापे केवळ उभ्या मापांवरून काढली. फोटोत पलीकडचे दार अलीकडच्या दारापेक्षा लहान दिसते, म्हणून दोन्हींची सरासरी घेतली. लांबी १४ मीटर आली, म्हणजे १६१ मि.मी.; दार ११ मि.मी. रुंद आणि २४ मि.मी. उंच. वाया गेलेला वेळ सहा तास, वाया गेलेला पुठ्ठा एक ताव. ज्यांना जुन्या फोटोवरून काम करायचे आहे त्यांनी फोटोतल्या माणसावर मुळीच विसंबू नये. भिंतीत बसवलेली वस्तूच मापाला घ्यावी.

२३ जून

लग्नपत्रिकांचा उपयोग सापडला. जाड कागदाच्या दीड-दोनशे जुन्या पत्रिका आईने जपून ठेवल्या होत्या; त्यांपैकी चाळीस मागून घेतल्या आणि त्यांची सात खोकी केली : स्टेशन, मालधक्क्यावरची वखार, जिन, पाण्याची टाकी आणि तीन घरे. खिडक्या नाहीत, रंग नाही, छप्पर म्हणजे दुमडलेला कागद. मात्र मापे पक्की. चिकटपट्टीवर काम भागवले, त्यामुळे खर्च शून्य आणि वेळ एका दुपारचा. जिनाच्या दर्शनी भिंतीवर नेमके ‘श्री गणेशाय नमः’ आले आहे, ते तसेच राहू दिले.

जिनाचे खोके पाहताच पहिली अडचण समोर आली. सरकी वेगळी करण्याची लांब पत्र्याची शेड आणि तिला लागून गाठी दाबण्याचे उंच प्रेसघर, असे साधे जिन धरले तरी ३० मीटर बाय १२ मीटर लागतात, म्हणजे ३४५ बाय १३८ मि.मी. फळीची जवळजवळ एकतृतीयांश खोली त्यात गेली असती. म्हणून जिन मागच्या पडद्याला चिकटवून फक्त ४५ मि.मी. खोलीचे करायचे, म्हणजे पुढची भिंत आणि छपराचा पुढचा उतार एवढेच. लांबी मात्र ३०० मि.मी. राखली, कारण लांबीत काटछाट केली की जिनाचे घर होऊन बसते.

३० जून

खोकी ठेवून पहिल्यांदा गाडी चालवली आणि तिसऱ्या फेरीत वखारीने डबा रुळावरून पाडला.

माझे डबे २६ मि.मी. रुंद आहेत, म्हणजे रुळाच्या मध्यापासून बाजूला १३ मि.मी. मालधक्क्याची कड मी रुळाच्या मध्यापासून १५ मि.मी.वर ठेवली होती. सरळ रुळावर ती बरोबर होती. पण धक्क्याचा डावीकडचा ८० मि.मी.चा भाग वळणाच्या आतल्या बाजूला येतो हे लक्षात घेतले नव्हते. वळणावर डब्याचा मधला भाग आत झुकतो. किती झुकतो ते काढण्यासाठी दोन बोगींमधल्या (डब्याखालच्या चाकांच्या दोन गाड्यांमधल्या) अंतराचा वर्ग करावा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागावे. माझ्या डब्याच्या बोगींमधले अंतर ९० मि.मी. आहे, ८१०० भागिले १८४० म्हणजे ४.४ मि.मी. त्यात १३ मिळवले की १७.४ होतात, आणि धक्का होता १५ वर. बाहेरच्या बाजूला डब्याची टोके झुकतात, १२५ मि.मी. लांबीच्या डब्यासाठी तो आकडा ४.१ आला.

वळणावर दोन्ही बाजूंना १९ मि.मी. मोकळे ठेवायचे ठरवले. एक गोष्ट मला गणितातून नव्हे, तर ठोकर बसल्यावर कळली : डबा वळणाच्या आधीच झुकायला लागतो, कारण पुढची बोगी वळणात शिरली तरी मागची सरळ रुळावरच असते. म्हणून जागा वळणाच्या आरंभापासून नव्हे, तर एक डबाभर आधीपासून रुंदावत नेली. डब्याच्या पोटाला पेन्सिलीचे टोक आडवे चिकटवले, पूर्ण वळणावर डबा हाताने ढकलला, आणि फळीवर उमटलेल्या रेषेच्या आत काहीही बांधायचे नाही असे ठरवून टाकले. हेच आधी केले असते तर गणिताची गरजही पडली नसती.

१४ जुलै

दोन आठवडे खोकी जागच्या जागी आहेत आणि येता-जाता मी त्यांच्याकडे पाहतो. काहीतरी खटकत होते, पण काय ते सापडत नव्हते. आज पुतणी आली होती. ती वास्तुकला शिकते. तिने एका मिनिटात सांगितले, “काका, ही सगळी घरं फळीच्या कडेला समांतर उभी आहेत. दुकानातल्या शोकेससारखं दिसतंय.”

तिचे म्हणणे खरे होते. स्टेशन रुळाला समांतर असणे अपरिहार्य आहे आणि मालधक्काही. पण गावातली घरे रुळाच्या आधीपासूनची, त्यांनी रुळाकडे पाहून उभे राहण्याचे कारण नाही. तिन्ही घरे आठ-दहा अंशांनी फिरवली. जिनही पडद्याशी चार अंशांच्या कोनात आणले, त्यामुळे त्याची खोली एका टोकाला ३५ आणि दुसऱ्या टोकाला ५५ मि.मी. झाली. एवढ्याशा फरकाने फळी रुंद झाल्यासारखी वाटते.

दुसरा उपाय मोबाइलचा. फोन आडवा करून फळीवर, रुळाशेजारी टेकवला आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो काढला. मग तोच फोटो काळा-पांढरा करून पाहिला. रंगीत पत्रिकांची भुलावण गेली आणि राहिले फक्त आकार. त्यात स्पष्ट दिसले की समोरच्या तीन घरांनी स्टेशनाचा अर्धा भाग झाकला आहे. घरे खुजी करावीत की मागे सरकवावीत यावर निर्णय झालेला नाही.

२८ जुलै

स्टेशनाच्या भिंतींची रेखाटने संगणकावर केली आणि लेझरवर २ मि.मी. माउंट बोर्डात (जाड पुठ्ठ्यात) कापून घ्यायला दिली. दुकानाचे नाव देत नाही, कारण चूक माझी होती : रेखाटनाची कागदी प्रत आधी झेरॉक्सच्या दुकानात काढून तपासली, तेव्हा यंत्राने ते कागदाच्या मापात बसवण्यासाठी चौऱ्याण्णव टक्के केले होते. मला वाटले, संगणकातच माप चुकले आहे, म्हणून रेखाटन वाढवून दिले. लेझरने अर्थातच ते वाढवलेलेच कापले. चारही भिंती सहा टक्के मोठ्या आल्या. ४२० रुपये आणि दोन खेपा वाया. आता प्रत्येक रेखाटनाच्या कोपऱ्यात नेमकी १०० मि.मी.ची एक रेषा काढतो आणि कागद हाती आला की आधी ती रेषा मोजतो.

दुसऱ्या कापणीत खिडक्यांचे गज जळून गेले. मी ते ०.४ मि.मी. जाडीचे काढले होते; लेझरची रेषाच साधारण तेवढी रुंद जळते. या बोर्डात पाऊण मि.मी.पेक्षा बारीक काही टिकत नाही असे दिसते, आणि पाऊण मि.मी. म्हणजे प्रत्यक्षातला साडेसहा सेंटीमीटर जाडीचा गज. एवढे जाड गज फक्त तुरुंगाला शोभतील. म्हणून चौकटी तेवढ्या लेझरने कापल्या आणि गज पारदर्शक ओएचपी शीटवर बारीक टोकाच्या काळ्या पेनाने आखून ती शीट आतून चिकटवली. एका हाताच्या अंतरावरून फरक कळत नाही.

११ ऑगस्ट

पावसाळी हवेत माउंट बोर्डाच्या भिंती वाकल्या. पुढच्या बाजूला रंग दिला होता, मागची बाजू कोरीच होती. कोऱ्या बाजूने दमट हवा शोषली आणि १६१ मि.मी.च्या भिंतीचा मध्य ५ मि.मी. पुढे फुगला. वजनाखाली दोन दिवस ठेवल्यावर ती सरळ झाली आणि वजन काढल्यावर तासाभरात पुन्हा फुगली. नव्या भिंती कापून दोन्ही बाजूंना रंगाआधी पातळ फेव्हिकॉलचा हात दिला, आणि आतून दर ४० मि.मी.वर आइसक्रीमच्या चपट्या काड्या उभ्या चिकटवल्या. दहा दिवस झाले, भिंत हललेली नाही.

२ सप्टेंबर

गेल्या सोमवारपासून शहरात पाणी. विश्वामित्री नदी भरून वाहू लागली, आणि जन्माष्टमीच्या रात्री आमच्या तळमजल्यावर पाणी चढायला लागले. आईला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेले. कागदपत्रे, औषधे आणि देव वर गेले. मॉडेलचा विचार सुचण्याचे ते दिवस नव्हते. पाणी उतरल्यावर भिंतीवरची चिखलाची खूण मोजली, ती जमिनीपासून बरोबर ७६० मि.मी. होती, म्हणजे जवळजवळ नॅरो गेजच. फळी ११५० मि.मी. उंचीच्या पायांवर होती म्हणून ती आणि रूळ वाचले. खोकी मात्र कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, त्यांचा लगदा झाला. माउंट बोर्डाचे उरलेले ताव, कोरी शीट, दोन रंगांचे डबे आणि जिनाची अर्धी झालेली भिंत, असे सगळे मिळून अंदाजे २,३०० रुपयांचे सामान गेले. स्टेशनाच्या भिंती माळ्यावर होत्या, त्या सुखरूप आहेत.

२२ सप्टेंबर

घर साफ होईपर्यंत वीस दिवस गेले. आज खोकी पुन्हा करायला बसलो आणि सातऐवजी पाचच केली. यामागे विचार नव्हता. पत्रिका भिजून गेल्या होत्या आणि वाचलेला कागद पाच खोक्यांनाच पुरला. तिसरे घर आणि वखार राहिली.

पाच खोकी ठेवून रुळाच्या पातळीवरून फोटो काढला, आणि जुलैपासून अडलेला प्रश्न सुटला. दोन घरांमधल्या रिकाम्या जागेतून स्टेशनाची पडवी दिसते, पडवीच्या पलीकडे साइडिंगवर उभा असलेला मालडबा दिसतो आणि त्याच्याही मागे जिनाची भिंत. नजर चार टप्प्यांनी आत जाते. तिसऱ्या घराने नेमकी हीच जागा अडवली होती. आता ते घर बांधायचे नाही. त्या मोकळ्या जागेत चबुतरा येईल, जसा या भागातल्या गावागावांत पाखरांसाठी असतो : एकच खांब आणि वर पाखरांचे दाणे टाकायचे छत्रीसारखे घर. प्रत्यक्षात सहा मीटर, इथे ६९ मि.मी.; उंच असूनही काहीच झाकत नाही. वखारीऐवजी मालधक्का उघडाच ठेवून त्यावर कापसाच्या गाठी रचायच्या.

१३ ऑक्टोबर

या नोंदीत छपरांचे सांगायचे आहे, आणि ते सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त वेळ यातच गेला.

स्टेशनाला आणि घरांना नळीची कौले हवीत. कौलाची रुंदी वीस-बावीस सेंटीमीटर, म्हणजे प्रमाणात २.५ मि.मी. बल्बच्या खोक्यातला नालीदार कागद घेतला, पण त्याच्या दोन वरंब्यांमधले अंतर ३.३ मि.मी. निघाले. कौले एकोणतीस सेंटीमीटरांची दिसू लागली आणि स्टेशन एकदम लहान झाले. मग शेवया जवळजवळ चिकटवून पाहिल्या. दिसायला उत्तम, तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी छप्पर नेले.

जिनाच्या पत्र्याची अडचण याच जातीची आहे. पन्हळी पत्र्याच्या दोन पन्हळींमध्ये तीन इंच, म्हणजे ७६ मि.मी. अंतर असते, प्रमाणात ०.८७ मि.मी. स्वयंपाकघरातले ॲल्युमिनियम फॉइल आईच्या लिखांच्या फणीवर दाबून पाहिले. पन्हळी उमटल्या, पण फणीचे दात हाताने घडवलेले, त्यांतली अंतरे कमी-जास्त. पत्रा जुनाट न दिसता चुरगळलेला दिसला.

तेव्हा सुचले की नेमक्या अंतराने कोरलेल्या रेषा बोल्टवर तयार मिळतात. वीस मि.मी. बोल्टच्या साध्या आट्यांत अंतर २.५ मि.मी. असते, आणि पाच मि.मी. बोल्टच्या आट्यांत ०.८ मि.मी. कौलांसाठी पहिला आणि पत्र्यासाठी दुसरा, दोन्ही माझ्या प्रमाणात बसतात. हार्डवेअरच्या दुकानातून डोक्यापर्यंत आटे असलेला वीस मि.मी. बोल्ट ८५ रुपयांना आणला, पाच मि.मी. बोल्ट घरातच होता. टेबलावर सायकलच्या ट्यूबचा रबरी तुकडा, त्यावर ओलसर ड्रॉइंग पेपर, आणि त्यावरून लाटण्यासारखा बोल्ट जोर देऊन फिरवायचा.

पहिल्या प्रयत्नात कागद फाटला, कारण तो फार भिजवला होता. दुसऱ्यात रेषा उमटल्या, पण किंचित तिरक्या; आटे मळसूत्री असल्याने असे होणारच. वीसच्या बोल्टवर हा तिरकेपणा साधारण अडीच अंश येतो आणि पाचच्या बोल्टवर सव्वातीन. म्हणून कागद आधी लाटून घ्यायचा, वाळवायचा, आणि छपराचा तुकडा कापताना पट्टी कागदाच्या कडेला नव्हे, तर उमटलेल्या रेषेला लावायची. पत्र्यासाठी कागदाऐवजी फॉइल घेतले, त्याला ओलावा लागत नाही; मात्र हात हलका ठेवावा लागतो. पत्रे आठ फुटी, म्हणजे २८ मि.मी. लांबीचे तुकडे करून एकमेकांवर चढवत लावले. सलग एकच तावभर पत्रा लावण्याचा मोह टाळावा. पत्र्याचे सांधे दिसल्याशिवाय तो पत्रा वाटत नाही.

लाटण्यासाठी बोल्ट वापरतो हे पाहून आईने विचारले, “पोळ्या करतो आहेस का?” फणी परत केली आहे.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर कामाला लागलो. प्रेसघराच्या उंच भिंतीसाठी वजनाला हलका म्हणून मध्ये थर्माकोलचा गाभा असलेला बोर्ड घेतला आणि त्यावर डब्यातला स्प्रे मारला. स्प्रेमधल्या द्रावणाने कापलेल्या कडांतून गाभा खाल्ला आणि भिंत डोळ्यांदेखत आत बसली. दोन कागद उरले, मध्ये पोकळी. १८० रुपये. तीच भिंत ३ मि.मी. सनबोर्डात पुन्हा केली आणि पाण्यात कालवलेला पोस्टर रंग कुंचल्याने दिला.

२४ नोव्हेंबर

यार्डातल्या जमिनीसाठी वापरलेली चहापत्ती वाळवून पसरली होती. आठवड्याने तिच्यावर पांढरी बुरशी दिसली. उन्हात वाळवणे पुरेसे नव्हते. दुसरी खेप दोनदा धुऊन कढईत कोरडी भाजली, मग बारीक चाळणीतून चाळली आणि काळ्या मातीचा रंग यावा म्हणून तिच्यात थोडी राख मिसळली. पंधरा दिवस झाले, बुरशी नाही.

१५ डिसेंबर

जिनाचे धुराडे. प्रत्यक्षातले चोवीस मीटर धरले तर २७६ मि.मी. होतात, आणि फळीच्या वरचा कप्पा ३०० मि.मी.वर आहे. ते उभे करून पाहिले, तर त्याच्याशिवाय दुसरे काही दिसेना. २३० केले, मग १९०. आता ते प्रेसघरापेक्षा दुपटीहून थोडे जास्त उंच आहे आणि तेवढे पुरे आहे. वर निमुळते होणारे गोल धुराडे ड्रॉइंग पेपरच्या शंकूतून केले. पेपरवर विटांच्या ओळी आधीच आखल्या होत्या, पण शंकू गुंडाळल्यावर त्या सरळ ओळी धनुष्यासारख्या वाकल्या. शंकूसाठी ओळी कंपासने, शंकूच्या टोकाचा मध्य धरून काढाव्या लागतात. नऊ वेळा शंकू केल्यावर हे उमगले. विटांची उंची पाऊण मि.मी.पेक्षा थोडी जास्त, म्हणजे प्रत्यक्षातले तीन इंच.

धुराड्याची जागाही बदलली. रूळ ज्या भोकातून पडद्याबाहेर जातो ते भोक नुसतेच उघडे दिसत होते. धुराडे आणि त्याच्या पायथ्याची कोळशाची पडवी भोकाच्या उजव्या कडेला आणली आणि डाव्या कडेला कडुनिंबाचे झाड लावायचे ठेवले. आता गाडी भोकात जाताना दिसत नाही, जिनाच्या मागे जाताना दिसते. भोक ५० मि.मी. रुंद केले होते, ते वळणाचा हिशोब धरून पुरेसे आहे. पेन्सिल बांधलेला डबा पुन्हा फिरवून खात्री केली.

स्टेशनात दोन छोटे एलईडी घातले. तारांची भोके फळीला इमारत चिकटवण्याआधी पाडावीत, एवढेच लिहितो. मी नंतर पाडली.

५ जानेवारी २०२५

पाचही इमारती जागेवर आहेत. चिकटवल्या मात्र दोनच, स्टेशन आणि जिन. घरे मुद्दामच मोकळी ठेवली आहेत. चबुतरा पूर्ण झाला आहे. त्याच्या छत्रीला आठ बाजू हव्या होत्या, सहाच जमल्या. काळ्या अक्षरांची पिवळी पाटी फलाटाच्या टोकाला उभी आहे, पण तिच्यावर अजून नाव नाही, कारण तीन लिप्यांत कोरता येईल एवढे लहान आणि नकाशावर नसलेले नाव सापडलेले नाही. आईने दोन सुचवली, पण दोन्ही गावे खरोखर आहेत.

इमारतींवर आजवर खर्च ३,९४० रुपये. त्यांतले पुरात गेलेले वेगळे धरलेले नाहीत. तास मोजले ते एकशे बारा. त्यांपैकी छपरांचे एकतीस.

दुपारी तीनच्या उन्हात खिडकीतून प्रकाश येतो तेव्हा धुराड्याची सावली स्टेशनाच्या छपरावर पडते. ती कौलांवर थोडी जास्तच गडद दिसते. उद्या खिडकीचा पडदा अर्धा ओढून पुन्हा पाहीन, आणि नाहीच जमले तर धुराडे आणखी १० मि.मी. कापीन.